सतारीची मान

जळगावचा उन्हाळा माणसाला सोसत नाही, तसा लाकडालाही सोसत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, लाकूड आकसतं. पाऊस लागला की तेच लाकूड फुगतं. आमच्या अब्बांच्या सतारीने असे चाळीस उन्हाळे काढले. त्यात वरच्या मुख्य तारांची आणि खालच्या तरफांची ओढ रात्रंदिवस. शेवटी दांडी भोपळ्याला जुळते त्या गळ्याशी फट पडली, दांडी पुढे झुकली. तारा पडद्यांपासून इतक्या वर गेल्या की सूर दाबताना बोट कापायचं.

अब्बा हयात असताना धुळ्याच्या एका सुताराने त्या फटीत स्क्रू मारून पांढरा गोंद भरला होता. त्याने सांधा अधिकच बिघडला.

अब्बांच्या इंतकालनंतर चाचा म्हणाले, "गाणं-बजावणं आपल्या घरात नको. कुणाला तरी देऊन टाका." अम्मीने सतारीला कधी हात लावला नव्हता. ती एवढंच म्हणाली, "द्यायची तर धड करून द्या. मोडकी वस्तू त्यांच्या नावाने कुणाच्या घरी जायला नको."

महाराष्ट्र एक्स्प्रेस जळगावहून थेट मिरजेला जाते. सतार रजईत गुंडाळून आम्ही निघालो.

मिरजेचे हे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम सरलं, तेव्हा फरीदसाहेबांनी सतार-तंबोऱ्याचं काम हाती घेतलं. तेव्हापासून बापाकडून मुलाकडे हे हुनर चालत आलं. पुढे उस्ताद अब्दुल करीम खाँ याच गावी राहिले. १९३७ साली त्यांचा इंतकाल झाला, त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. बी.एड.ला 'कृतीतून शिक्षण' हा धडा आम्ही पाठ केला होता. तो इथे डोळ्यांनी पाहिला.

जोहरची नमाज अदा करून आलेल्या कारागिराने तारा उतरवल्या, पडदे सोडले, स्क्रू काढले. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं गळ्याभोवती गुंडाळून तो वाट पाहत बसला. "जुना सरस ऊब लागली की सुटतो," तो म्हणाला. "उद्या कुणाला तरी उघडावं लागेल, हे धरूनच आमच्या बुजुर्गांनी जोडलंय. हा पांढरा गोंद मात्र खरवडावा लागेल." दांडी अलगद निघाली. त्याने भोकांत लाकडाच्या खुंट्या ठोकल्या, सांधा साफ केला, वरून खालपर्यंत दोरा ताणून दांडीचा कल पुनःपुन्हा पाहिला. मगच सरस लावून दोरीने आवळलं. चार दिवस हात लावायचा नाही. शेवटी घोडी घासून जवारी काढली, तेव्हा आवाज खुलला.

"वाजवणार कोण?" त्याने विचारलं. आम्ही गप्प राहिलो. "कुणी नसेल तर तारा सैल ठेवा. नाहीतर मान पुन्हा झुकेल."

घरी येऊन आम्ही चाचांना हे सगळं सांगितलं. शिकलगारांचं, खाँसाहेबांच्या कबरीचं, जोहरच्या नमाजेचंही. ते काही बोलले नाहीत.

सतार अजून कुणाला दिलेली नाही. आमची पाचवीतली मुलगी दर इतवारी तारा चढवते आणि वाजवून झालं की सैल करते. चाचांनी अजून होकार दिलेला नाही. पण आले की त्या खोलीचं दार लावायलाही सांगत नाहीत.