सातारचे सातारकर

चिरंजीव भाड्याने क्लाउड सर्व्हर घेतात. प्रत्येक लिनक्सच्या तयार साच्यात पहिल्या वापरकर्त्याचं बारसं आधीच झालेलं असतं. उबुंटूत 'उबुंटू', फेडोरात 'फेडोरा'. सातारचे ते सातारकर, तसंच! ॲमेझॉनवर डेबियन मात्र स्वतःला 'ॲडमिन' म्हणवतो, तर ॲमेझॉनच्या घरच्या लिनक्सचा 'ईसीटू-यूजर'. (हे नाव की पासबुकाचा नंबर?) खरा मालक 'रूट', त्यालाच दारातून सांगतात, 'उबुंटू म्हणून या!'

मी म्हटलं, "अरे, सगळ्यांना एकच नाव ठेवा की!"

"बाबा, 'ॲडमिन' नावानं तर चोर आधी दार ठोठावतात."

"मग 'उबुंटू' त्यांना ठाऊक नाही होय?"

"असेना. तिथे पासवर्ड चालतच नाही, किल्लीची फाईल लागते."

हे मात्र पटलं. आमच्या स्ट्राँगरूमचा पत्ताही अख्ख्या गावाला पाठ आहे.