दुसरे कार्ड

२०२४ च्या पावसाळ्यात सुमारे सहा आठवडे एका प्रश्नाने मला घेरले होते. घरच्या संगणकात ग्राफिक्स कार्ड एक होते. त्याच्या शेजारी तसेच दुसरे बसवावे, की आहे ते विकून एकच मोठे घ्यावे? पंचवीस वर्षे मराठी शिकवण्यात घालवलेल्या माणसाने असल्या प्रश्नात इतके गुंतावे, याचे घरच्यांना नवल वाटे. खरे तर मलाही वाटे. पण या प्रश्नाची दोरी दुकानापासून फार लांब, वडिलांच्या कपाटापर्यंत गेलेली होती, आणि ती मला सहजासहजी सोडवत नव्हती.

कार्ड मुळात माझे नव्हे, भाच्याचे. अभियांत्रिकीला असताना तो आमच्याकडे राहत असे आणि रात्र रात्र खेळत असे. पुढे तो शिकायला परदेशी गेला, संगणक माझ्या खोलीत राहिला. आतले कार्ड आरटीएक्स ३०६०, मेमरी १२ गीगाबाइट. ग्राफिक्स कार्डाचा मूळ उद्योग पडद्यावरची चित्रे रंगवण्याचा. एका चित्रात लाखो ठिपके, प्रत्येक ठिपक्याचे गणित लहानसे आणि बहुतेक स्वतंत्र. तेव्हा एक हुशार कारकून नेमण्याऐवजी हजारो साधे कारकून एकाच वेळी कामाला बसवायचे, अशी त्याची रचना. भाषेच्या ज्या प्रारूपांची आज सर्वत्र चर्चा आहे, त्यांचे गणितही याच जातीचे. म्हणून खेळासाठी आणलेले यंत्र वडिलांच्या कॅसेटींच्या कामाला लागू शकले.

वडील माण तालुक्यातल्या एका गावी प्राथमिक शिक्षक होते. १९८३ ते १९८९ या काळात त्यांनी आसपासच्या वाड्यांवरच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. एकूण ६१ कॅसेटी. जात्यावरच्या ओव्यांचे संकलन आपल्याला नवे नाही. साने गुरुजींचे ‘स्त्रीजीवन’ आहे, सरोजिनी बाबरांचे काम आहे. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून तर एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्यापुढे वडिलांचे काम म्हणजे एका माणसाची ओंजळ. पण त्या ओंजळीला एक अट होती. कॅसेटींसोबतच्या वहीत पहिल्याच पानावर त्यांनी ती लिहून ठेवली आहे. सासुरवासाच्या ओव्या सांगून झाल्यावर एक बाई म्हणाल्या होत्या, “गुर्जी, ह्ये आमच्या मान्सांच्या कानावर नगा जाऊ दिऊ.” वडिलांनी शब्द दिला. खाली तारीख आणि सही. शाळेच्या हजेरीपटावर करत असत तशीच.

वडील २०१९ मध्ये गेले. कॅसेटी, वही आणि तो शब्द, तिन्ही माझ्याकडे आले. ओव्या लिहून काढणे आणि विषयवार सूची करणे, एवढे मला करायचे होते. हे काम आयते करून देणाऱ्या सेवा आंतरजालावर पुष्कळ आहेत. आवाज पाठवावा, लेखन परत यावे. पण पाठवावा लागतो, हीच अडचण. तो आवाज कुठे जाईल, किती काळ राहील, कोणाच्या कानावर पडेल, याची हमी मला देता येणार नव्हती. जे व्हायचे ते घरातल्या यंत्रावरच व्हायला हवे होते, आणि घरातल्या यंत्रावर म्हणजे बारा गीगाबाइटांत.

दुसरे कार्ड जोडण्याची कल्पना ऐकताच भाचा फोनवर हसला. “मामा, जोडीचा जमाना संपला.” त्याचे म्हणणे ऐकीव नव्हते. १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्स या कंपनीच्या व्हूडू २ कार्डांची जोडी लावता येई. पडद्यावरच्या विषम ओळी एकाने काढायच्या, सम ओळी दुसऱ्याने. पुढे ती कंपनी मावळली, तिची मालमत्ता एनव्हिडियाने घेतली, आणि २००४ मध्ये एसएलआय हेच आद्याक्षरी नाव नव्या अर्थाने परत आले. आता बहुधा एक चित्र या कार्डाने काढायचे, पुढचे त्या कार्डाने. खेळणाऱ्यांची एक पिढी याच प्रश्नावर वाद घालत मोठी झाली: जुन्याला जोडीदार आणावा, की नवे घ्यावे? अनुभवी मंडळींचा कौल बहुधा नव्याच्या बाजूने असे. कारण दोन कार्डांनी श्रम वाटले जात, मेमरी वाटली जात नसे. चित्र कोणीही काढो, त्या चित्रातले घर, झाड, भिंत हे सारे दोघांनाही आपापल्या मेमरीत पूर्ण ठेवावे लागे. चार आणि चार गीगाबाइट मिळून वापरापुरते चारच. शिवाय दोघांची लय जुळली नाही की हालचालीत सूक्ष्म अडखळ येई. प्रत्येक खेळासाठी वेगळी जुळवणी लागे. ती पुरवणेही एनव्हिडियाने २०२१ पासून थांबवले. माझ्या ३०६० ला तर एसएलआयची सोय मुळातच नाही.

मी हे ऐकत होतो आणि डोळ्यांपुढे जाते येत होते. समोरासमोर बसलेल्या दोघी, एकच खुंटा, दोघींचे हात. तिथेही श्रम वाटलेले. पण ओवी? दोघींना प्रत्येक ओवी पूर्ण येत असेलच असे नाही.

भाच्याने पुढे जे सांगितले त्याने प्रश्नाचे रूपच पालटले. भाषेच्या प्रारूपात जोडी निराळ्या तऱ्हेने लावता येते. प्रारूप थरांचे बनलेले असते. खालचे निम्मे थर एका कार्डावर ठेवायचे, वरचे निम्मे दुसऱ्यावर. पहिल्याने आपला भाग संपवायचा आणि छोटासा निकाल दुसऱ्याच्या हाती द्यायचा. दोघांना जोडणारा खास पूल लागत नाही. इथे मेमरीची खरोखर बेरीज होते, बारा आणि बारा चोवीस. मात्र पहिला काम करत असताना दुसरा थांबलेला, दुसरा करत असताना पहिला थांबलेला. म्हणून वेग दुप्पट होत नाही. खेळात श्रम वाटले जात आणि स्मरण दुहेरी ठेवावे लागे. इथे स्मरण वाटले जाते आणि श्रम पाळीपाळीने होतात.

“तुझं काय अडतंय ते आधी बघ,” भाचा म्हणाला. “वेग, की मेमरी?”

पाहायला बसलो तेव्हा पहिली गोष्ट ही कळली की काही चुकांशी कार्डाचा संबंधच नव्हता. आवाजाचे लेखन करणारे प्रारूप बारा गीगाबाइटांत सुखाने मावत होते. तरीही कॅसेटची खरखर, जात्याची घरघर आणि माणदेशी उच्चार यांपुढे ते अडखळे. मोठे कार्ड आणले असते तर त्याच चुका लवकर झाल्या असत्या. ते लेखन मला ओळीओळीने ऐकून सुधारावे लागणार होते, आणि तो कामाचा भाग माझाच होता.

अडत होते ते सूचीच्या कामाशी. माहेर, भाऊ, सासू, पाऊस, पंढरी असे विषय लावून एकमेकींशी नाते असलेल्या ओव्या शेजारी आणायच्या, तर लहान प्रारूप भावाची ओवी दिराच्या खात्यात घाली. २७ अब्ज प्राचलांचे एक खुले प्रारूप हे काम पुष्कळ समजुतीने करत होते; पण आकसून घेतल्यावरही ते सुमारे १६ गीगाबाइट भरे, शिवाय समोरचा मजकूर ध्यानात धरायला आणखी तीन-चार लागत. बारात वीस मावत नाहीत. उरलेला भाग संगणकाच्या साध्या मेमरीत ठेवून आठवडाभर चालवले. चालले, पण शब्द इतक्या सावकाश येत की ६१ कॅसेटींना किती महिने लागतील याचा हिशेब मी अर्ध्यावर सोडला.

मग लॅमिंग्टन रोडवर गेलो. तिथल्या एका दुकानदाराने वापरलेले आरटीएक्स ३०९० पुढे केले. मेमरी २४ गीगाबाइट, एकाच कार्डात. गणित त्याच्या बाजूने होते. प्रत्येक शब्दखंड तयार करताना प्रारूपाचे ते सोळा गीगाबाइट एकदा वाचावे लागतात. ३०६० सेकंदाला ३६० गीगाबाइट वाचू शकते, ३०९० ९३६. म्हणजे कागदावर जोडीकडून सेकंदाला फार तर बावीस शब्दखंड, मोठ्याकडून अठ्ठावन्न. पण मोठे कार्ड ३५० वॉट खाणारे. त्याला ७५० वॉटचा वीजपुरवठा हवा, माझा ६५० चा. त्यात ते कार्ड आधी काय करत होते, हे कोणीच सांगेना. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने कार्डांवर चालणारे खाणकाम बंद केले, तेव्हा अहोरात्र राबलेली कितीतरी कार्डे बाजारात आली होती. हे त्यांतले नसेलही. “साहेब, गॅरंटी दुकानाच्या दारापर्यंत,” दुकानदार प्रामाणिकपणे म्हणाला. नवे ३०६० त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळत होते.

तरीही त्या दिवशी मी रिकाम्या हाताने परतलो. मला अडवत होते ते एका कॅसेटमधले संभाषण. १९८७ ची नोंद आहे. एक बाई ओवीची अर्धी सांगतात आणि थांबतात. वडील विचारतात, “पुढे?” बाई म्हणतात, “म्होरलं माझ्या जावेला येत हुतं. ती उन्हाळ्यात गेली.” मग बराच वेळ नुसती जात्याची घरघर. वडिलांनी वहीत त्या ओवीपुढे जागा कोरी सोडली आहे. वाटून घेतलेल्या स्मरणाचा धोका तो हा. एकीला पूर्ण येत असते तर एक ओवी वाचली असती. एकच मोठे कार्ड घ्यावे असे मला वाटत होते, त्यामागे ही कोरी जागा होती, हे घरी आल्यावर लक्षात आले.

पण ही भीती कार्डांना लागू नव्हती. कार्डावर असते ती प्रत. मूळ डिस्कवर राहते. जोडीतले एक बिघडले तर काम थांबेल, हरवणार काही नाही, आणि उरलेले कार्ड आवाजाचे लेखन तरीही करत राहील. बायकांची मूळ प्रत मात्र कुठेच ठेवलेली नव्हती. हा फरक ध्यानात आल्यावर उरलेला निर्णय सोपा होता. माझ्याजवळ मेमरी कमी होती, घाई नव्हती. पुढच्या शनिवारी दुसरे ३०६० घेऊन आलो. संगणकाच्या फळीवरची दुसरी खाच कमी वेगाची होती. पण दोन कार्डांमध्ये जे पोहोचवायचे ते इतके थोडे, की त्याने बिघडले नाही. मधे हवेला जागा मात्र ठेवावी लागली.

आता रात्री काम लावून झोपतो, सकाळी सूची पाहतो. एक उणीव अजून आहे. जिथे एकीची अर्धी ओवी दुसरी उचलते, तिथे यंत्राला दोन आवाज वेगळे कळत नाहीत. ते दोघींचे मिळून एकच लिहिते. ती नावे मी वहीत पाहून हाताने भरतो. वडिलांनी दोन्ही नावे लिहिली आहेत, आणि ज्या ओवीची अर्धी राहिली तिच्यापुढेही जावेचे नाव आहे. सूचीत ती ओवी मी अर्धीच ठेवली. पुढचे रचून देण्याची यंत्राची तयारी होती. मी ते पुसले.

परवा भाच्याचा फोन आला. वेग विचारत होता. म्हटले, एका रात्रीत दोन-तीन कॅसेटी होतात. “फारच सावकाश आहे रे मामा.”

“तुझ्या आजोबांना एक कॅसेट भरायला महिना लागायचा,” मी म्हणालो.