नंतर

धरणगावच्या आमच्या घरात रात्रीची पंगत एकत्रच बसायची. आजी, काका, आम्ही पोरं, कधी शेतावरून आलेला सालदार. कळण्याची भाकरी कुस्करता कुस्करता कोणीतरी काही बोलायचं आणि सगळे खो खो हसायचे. माझा लहाना भाऊ जन्मापासून बहिरा. तो माझ्या कोपराला बोट लावायचा आणि पंजा फिरवून विचारायचा, काय झालं? मी घास चावत तळवा पुढे लोटायचो. आमच्या घरच्या खुणेत त्याचा अर्थ, नंतर. ते नंतर कधी यायचंच नाही. तोवर हसणं संपलेलं असायचं, मी उठून हात धुवायला गेलेलो असायचो.

"त्याले समदं समजस," आजी आल्यागेल्याला मायेने सांगायची. पण आमच्या खुणा सगळ्या मिळून तीस-चाळीस. पाणी, भाकर, बैल, चल, मार बसेल. एवढ्यावर भूक सांगता येते, पण माणूस मेला हे कसं सांगणार? आजोबा गेले तेव्हा तो सात वर्षांचा होता. पुढे पंधरा दिवस तो ओट्यावरच्या रिकाम्या खाटेशी त्यांचा तांब्या भरून ठेवत होता. आई तांब्या उचलायची आणि पदर डोळ्यांना लावायची. तो तिच्या तोंडाकडे बघत राहायचा.

मग त्याला निवासी शाळेत घातलं. तिथे आरशासमोर बसवून, ओठांपुढे कागदाची पट्टी धरून 'प' म्हणायला शिकवत. पट्टी हलली की शाबासकी. हातवारे केले की बोटांवर छडी. आम्हाला ते बरोबरच वाटायचं, पोरगं बोलायला हवं होतं ना! 1880 साली इटलीतल्या मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली. तिथे जमलेले जवळजवळ सगळे ऐकणारे होते, आणि खुणांपेक्षा तोंडी बोलणंच श्रेष्ठ असा ठराव त्यांनी केला. त्या ठरावाबद्दल अशाच परिषदेने खेद व्यक्त केला तो 2010 मध्ये. माझ्या भावाच्या बोटांवरची छडी त्या ठरावापासून चालत आली होती, हे मला फार उशिरा समजलं.

मला तर ते आधीच समजायला हवं होतं. शाळेत तोंडातून अहिराणी निघाली की मीही पट्टी खाल्ली होती. घरची बोली दप्तराबाहेर ठेवून वर्गात शिरायचं म्हणजे काय, ते मी भोगलं होतं. तरी त्याच्या हातांत भाषा आहे हे मला दिसलं नाही.

ती त्याला मिळाली वसतिगृहात, रात्री, मोठ्या मुलांकडून. एका दिवाळीत त्याचे चार मित्र घरी आले. ओट्यावर बसले, हात भराभर चालू लागले, भुवया वर-खाली होत होत्या. एवढ्यात लोडशेडिंग सुरू झालं आणि त्यांचं बोलणं जागीच तुटलं. एकाने चाचपडत बॅटरी घेतली आणि मधोमध उभी करून उजेड छतावर सोडला. पाची जण पुन्हा सुरू. कोणीतरी काहीतरी सांगितलं आणि सगळे पोट धरून हसले. आमच्या घरात त्याला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी त्याच्या कोपराला बोट लावलं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तळवा पुढे लोटला.

त्या मित्रांमध्ये प्रत्येकाला खुणेचं नाव असतं. कोणाच्या गालावरचा तीळ, कोणाची टोपी. माझं नाव त्या रात्री कळलं. पुढे लोटलेला तळवा.

मी शिकायला लागलो ते चाळिशी ओलांडल्यावर. भारतीय सांकेतिक भाषेसाठी सरकारचं स्वतंत्र केंद्र दिल्लीत 2015 साली निघालं आणि 2021 पर्यंत त्यांच्या कोशात 10,000 शब्द झाले. ते व्हिडिओ मी दुकानात गिऱ्हाईक नसताना बघायचो आणि मराठी वाक्य शब्दाशब्दाने हातांवर मांडायचो. भाऊ वैतागायचा. 'मी तुला देतो' याला तीन खुणा कशाला? 'देणे'चा हात माझ्याकडून तुझ्याकडे गेला की कोणी कोणाला दिलं ते त्यातच आलं. हात उलटा फिरला की तू मला दिलंस. एवढा रेखीव कारभार, आणि आम्ही त्याला हातवारे म्हणत होतो.

त्याचं लग्न त्याच्यासारख्याच बहिऱ्या मुलीशी झालं. पोरंही तशीच होतील म्हणून नातेवाइकांनी काहूर केलं होतं. मुलगी झाली, ती ऐकते. बोलायच्या आधीच तिने अंगठा ओठांकडे नेऊन पाणी मागितलं होतं.

आता ती पाच वर्षांची आहे. पंगतीत हशा पिकला की ती घास ताटात ठेवते आणि आधी बापाकडे वळून सगळं सांगते. मग दोघं हसतात, आमच्यापेक्षा जरा उशिरा. मीही आता घास खाली ठेवतो. पण तिचे हात माझ्याआधी पोचतात.

परवा ती आईला काही सांगत होती. मधेच तिने तळवा पुढे लोटला आणि माझ्याकडे बघितलं. माझंच नाव घेत होती.