टोपणाखाली

क्रोकोडाइल क्लिपच्या वायरींची रंगीबेरंगी जुडी लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात टांगलेली दिसली की माझे बोट आधी क्लिपवरच्या मऊ टोपणाकडे जाते. ते मागे सरकवून आत पाहावे. चांगल्या वायरीत तारेचे सोललेले टोक क्लिपच्या पत्र्याला सोल्डरने नीट जोडलेले असते आणि पत्र्याच्या पाकळ्या वायरीला आवरणावरून वेगळ्या धरून ठेवतात, म्हणजे ओढ सांध्यावर येत नाही. हलक्या मालात तार नुसती दुमडून चेपलेली असते. कधी आवरणासकट चेपलेली. मग चारदोन धागे पत्र्याला लागले तर लागले, आणि वायर हलली की जोड सुटतो, पुन्हा लागतो.

धाग्यांची पारख चुंबकाने होते. क्लिप लोखंडी असते, म्हणून चुंबक वायरीच्या मधोमध धरावे. वायर ओढली गेली तर तांब्याच्या मुलाम्याखाली लोखंड आहे. अ‍ॅल्युमिनियम मात्र चुंबकाला सापडत नाही. धागा पात्याने खरवडला आणि आतून पांढरा निघाला, की समजावे.

मल्टिमीटरच्या बीपवर माझा विश्वास नाही. कित्येक मीटर दहावीस ओहमांच्या जोडालाही खुशाल बीप देतात. त्यापेक्षा करंट बांधता येणाऱ्या पॉवर सप्लायवरून वायरीतून बरोबर 1 अँपिअर सोडावा आणि मीटरच्या काड्या थेट दोन्ही क्लिपांच्या जबड्यांवर टेकवाव्यात. जितके मिलिव्होल्ट दिसतील तितके मिलिओहम. किती सुंदर हिशेब आहे हा! काड्यांचा स्वतःचा रोधही त्यात येत नाही. 1 चौरस मिलिमीटर छेदाच्या, मीटरभर लांब तांब्याच्या तारेला सुमारे 17 मिलिओहम पुरतात. अर्ध्या मीटरच्या वायरीने पाचशे दाखवले, तर ती बाजूलाच ठेवावी.

कारण अर्ध्या ओहममधून 2 अँपिअर गेले की 1 व्होल्ट वाटेतच जिरतो, आणि परतीची वायरही तशीच असली तर आणखी एक. 5 व्होल्टवर चालणाऱ्या सर्किटला 3 उरतात. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेतली मुलगी मग आयसी बदलते, आकृती पुन्हा तपासते, शेवटी आपल्यालाच हे जमत नाही असे धरून चालते. वायरीवर तिचा संशय जातच नाही. मला चीड येते ती याची. जेमतेम शिकू लागलेल्या माणसाचा स्वतःवरचा भरवसा असा चेपलेल्या पत्र्याखाली जाऊ नये.

म्हणून प्रयोगशाळांनी सुट्या क्लिपा आणि सिलिकॉन आवरणाची वायर आणावी, आणि पहिल्याच तासाला मुलांकडून जोडून घ्यावी. सोल्डरिंग आयर्नचे टोक चुकून लागले तरी सिलिकॉन पीव्हीसीसारखे वितळत नाही. टोपण मात्र वायरीत आधी ओवायचे, सोल्डर नंतर. मग प्रत्येक वायरीतून 1 अँपिअर सोडून मिळालेला आकडा तिच्यावरच चिकटवावा.