मोटारीतील खुळखुळ

आमच्या दारात जी मोटार उभी असते तिला यंदा १३ वर्षे पूर्ण झाली. निपाणीत एवढ्या वयाच्या मोटारीस कोणी म्हातारी म्हणत नाही. तंबाखूच्या वखारींपुढे तिच्याहून वडीलधाऱ्या गाड्या अजून ओझी वाहताना दिसतात. इंजिनाविषयी आमची तिळमात्र तक्रार नाही. परंतु गेल्या पावसाळ्यानंतर तिच्या अंतरंगात कोठे तरी काही वाजू लागले, आणि त्या वाजण्याने मोटारीबरोबर आमच्या घरातील शांततेचाही भंग केला. तो कसा, व त्या आवाजाचा माग काढता काढता आम्ही कोठे जाऊन पोहोचलो, हे वाचकांच्या कानी घालावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या सौभाग्यवतींचे माहेर बेळगावचे. त्यामुळे महिन्यातून एकदा तरी आमची स्वारी तिकडे निघते. तवंदीचा घाट, संकेश्वर, हत्तरगी, वंटमुरीचा चढ आणि काकती असा हा सुमारे ७५ किलोमीटरचा रस्ता. पूर्वी ह्या हमरस्त्यास ४ क्रमांकाचा म्हणत, आता तो ४८ क्रमांकाचा झाला आहे. तेथे गाडी बिनबोभाट चालते. खरी परीक्षा दोन्ही टोकांच्या गल्ल्यांत, जेथे चर खणून कोणी बुजविलेले नसतात.

आवाज प्रथम सौभाग्यवतींनी ऐकला. “अहो, काही तरी वाजतंय,” त्या म्हणाल्या. काही दिवसांनी आम्हांसही मागल्या बाजूने एक जड खडखड ऐकू येऊ लागली, तेव्हा त्यांचे म्हणणे आम्ही मान्य केले. ती खडखड आणि त्यांनी ऐकलेला आवाज एकच, असे आम्ही धरून चाललो. सारा घोटाळा तेथेच झाला.

आवाजांच्या बाबतीत आपली मराठी मोठी सधन आहे. सैल पत्र्याची खडखड, पोकळ डब्यातील खड्याची खुळखुळ, नव्या वहाणेची कुरकुर, काचेच्या बांगड्यांची किणकिण, जात्याची घरघर: एकीचे काम दुसरी करीत नाही. मिस्त्रीपुढे नेमका शब्द ठेवला की त्याचे अर्धे काम झालेच. आमच्या सीमाभागात त्यात कानडीचीही भर पडते. येथील गॅरेजात आवाजास सर्रास ‘सप्पळ’ म्हणतात, आणि मराठी गिऱ्हाइकासही त्यात काही वावगे वाटत नाही.

मोटारीच्या आत होणाऱ्या आवाजांचे यंत्रज्ञ मुख्यतः दोन वर्ग करतात. दोन वेगळ्या वस्तू एकमेकींवर आपटल्या की खडखड किंवा खुळखुळ होते. दोन पृष्ठभाग एकमेकांस चिकटून पुन्हा पुन्हा निसटले की कुरकुर होते; फळ्यावर खडू किंचाळतो तो ह्याच न्यायाने. पहिल्या रोगास घट्ट आवळणे किंवा मध्ये फेल्टची पट्टी घालणे हा उपाय, दुसऱ्यास वंगण. दारांच्या रबरास मात्र इंजिनाचे तेल कधीही लावू नये. त्याने रबर फुगते व नरम पडून कामातून जाते. त्यासाठी सिलिकोनचे वंगण मिळते. आम्ही ही चूक एकदा केली होती, म्हणून अधिकाराने सांगतो.

असो. शोधाची पहिली पायरी म्हणजे गाडी रिकामी करणे. एका शनिवारी आम्ही ती अंगणात घेऊन उपसली. पुढच्या कप्प्यातून चिल्लर नाणी, चष्म्याचे रिकामे घर आणि गीतांचे पुस्तक निघाले. आसनाखालून वाळून खडा झालेले एक लिंबू व नातवाच्या गोट्या निघाल्या. गोट्या पाहून आम्ही आरोपी सापडल्याचे जाहीरही केले. परंतु मुख्य गुन्हेगार डिकीत होता. स्टेपनीशेजारी जॅक ज्या खोबणीत बसतो तेथील स्क्रू ढिला होऊन तो लोखंडी ठोकळा मोकळा झाला होता. स्क्रू पिळला, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा खाली घातला, आणि खडखड पार नाहीशी झाली.

त्या दिवशी आमची छाती किती फुगली होती म्हणून सांगावे! सन १९५८ मध्ये डेव्हिड ओगिल्व्ही नावाच्या जाहिरातकाराने रोल्स-रॉईस मोटारीची एक जाहिरात लिहिली होती. ताशी ६० मैलांच्या वेगात त्या गाडीत सर्वांत मोठा आवाज कसला, तर आतल्या विजेच्या घड्याळाचा, असा तीत दावा होता. आमच्या गाडीत घड्याळाचीही टिकटिक नाही, असे आम्ही जेवताना सर्वांस ऐकविले.

पुढच्या बेळगावच्या खेपेस काकती मागे पडली, गाडी शहरातील खड्ड्यांत शिरली, आणि सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, अजून वाजतंय.”

“काय वाजतंय?”

“तेच. बारीक किणकिण.”

आम्ही काचा वर केल्या, पंखा बंद केला, श्वास रोखून ऐकले. काही नाही. आरशास टांगलेल्या रोझरीचा क्रूस काचेवर आपटत असेल, असे आम्ही सुचविले. त्यांनी ती काढून पर्समध्ये ठेवली. “अजून आहे.” मग मात्र आमचा संयम सुटला. “तुमचे कान फार तिखट झाले आहेत. ज्याला आवाज शोधायचाच आहे त्याला तो सापडतोच,” असे आम्ही बोलून गेलो. त्या गप्प राहिल्या. परतीच्या वाटेवर हत्तरगीपर्यंत दोघांत एक शब्द झाला नाही. गाडीत पूर्ण शांतता होती; निदान आम्हांस तसे वाटत होते.

शेवटी वाद मिटविण्यासाठी बेळगावच्याच एका वृद्ध मिस्त्रीकडे गाडी नेली. “सर, सप्पळ कानानं हुडकायचा नसतोय, हातानं हुडकायचा,” हे त्यांचे पहिले वाक्य. मोटारीचा सांगाडा म्हणजे एकमेकांस सांधलेला पत्रा. एका कोपऱ्यातील कंप दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बोलतो, आणि कान फसतो. म्हणून एकाने गाडी चालवावी व दुसऱ्याने एकेक भाग तळव्याने दाबून पाहावा. ज्या ठिकाणी हात ठेवताच आवाज थांबेल ते त्याचे घर. काही आवाज एका विशिष्ट गतीलाच होतात, त्याचेही कारण आहे. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटास १८०० फेरे घेते तेव्हा सेकंदास ६० ठोके पडतात. एखाद्या सैल भागाचा स्वतःचा कंप नेमका तेवढाच असला की तो भाग नाचू लागतो. काही आवाज पहाटेच्या गारव्यात होतात आणि दुपारी प्लॅस्टिक उन्हाने फुगले की बंद पडतात. असली गाडी मिस्त्रीकडे दुपारी नेली तर ती मुद्दाम शहाण्यासारखी वागते. विजेवर चालणाऱ्या मोटारींत तर इंजिनाचा आवाज पांघरूण घालण्यास नसल्यामुळे पूर्वी झाकले जाणारे बारीकसारीक आवाजही उघडे पडतात.

आम्ही गाडी चालविण्यास बसलो. मागे सौभाग्यवती आणि आय.टी.आय. झालेला एक शिकाऊ मुलगा, शेजारी मिस्त्री. पहिल्याच खड्ड्यावर मुलगा म्हणाला, “हाय की, येतोय सप्पळ.” आम्ही मोठ्या आशेने मिस्त्रींकडे पाहिले. ते हसले. “मला इचारू नगा सर. तरणेपणी फाउंड्रीत होतो. माझ्या कानाचं कवाच झालंय. बारीक सप्पळ म्हटला की पोरगं सांगतंय, मी मानतोय.”

हे वाक्य त्यांनी अगदी सहज, पान्याचा क्रमांक सांगावा तसे उच्चारले. आम्ही मात्र पुढचा मैलभर काहीच बोललो नाही. गाडीत चौघे होतो. दोघांना काही तरी ऐकू येत होते, दोघांना नव्हते, आणि त्या दोघांपैकी एकाला आपल्यास ऐकू येत नाही हे ठाऊक होते.

मागून मुलगा दारे दाबीत होता. सौभाग्यवतींनी पुढे वाकून दोन दारांमधील खांबावर हात ठेवला. तेथे पट्ट्याची कडी ज्या प्लॅस्टिकच्या आवरणात बसविलेली असते, ते त्यांनी दाबले. “थांबला,” दोघेही एकदमच म्हणाले. आवरण काढून पाहिले तर आतील चिमट्याचा एक दात तुटलेला. कापडी पट्टीचा दोन बोटे तुकडा डकवून मिस्त्रींनी ते परत ठोकून बसविले. पैसे घेण्यास ते तयार होईनात. तो खांब आमच्या उजव्या कानापासून वीतभरही लांब नव्हता.

घरी परतताना तवंदीच्या उतारावर आम्हांस एकेक गोष्ट आठवू लागली. दोन वर्षे आम्ही नातवंडांस ‘तोंडातल्या तोंडात पुटपुटू नका’ म्हणून रागावत होतो. नातीने “आज्जा, सात वाजले” म्हटले की आम्ही “आठ?” असे विचारत होतो, आणि मुलांचे उच्चार हल्ली बिघडले असा आमचा, निवृत्त शिक्षकाचा, ठाम सिद्धांत होता. जेवताना सौभाग्यवती अलीकडे कमी बोलतात, तेही आमच्या ध्यानात आले होते. त्याचे कारण आम्ही वेगळेच लावले होते. त्या रात्री आम्ही त्यांची क्षमा मागितली. त्यांनी विचारले, “मग डॉक्टरांकडे कधी जायचं?”

जानेवारीत बेळगावलाच कानांची तपासणी झाली. एका बंद खोलीत कानांवर यंत्र चढवून बसवितात. आवाज ऐकू आला की बटण दाबावयाचे. आम्ही बराच वेळ काहीही न दाबता बसून राहिलो, आणि बहुधा यंत्र बिघडले असावे असे मनात म्हणालो. नंतर डॉक्टरांनी आलेख दाखविला. माणसाचा निरोगी कान सेकंदास २० पासून २०,००० पर्यंतचे कंप ऐकतो. आमची रेघ खालच्या स्वरांत नीट होती. ३,००० च्या पुढे ती वंटमुरीच्या उतारासारखी घसरली होती. अंतर्कर्णात शंखाच्या आकाराची नळी असते, आणि तिच्या तोंडाशीच उंच स्वर ऐकणाऱ्या केसाळ पेशी असतात. वयोमानाने सहसा त्याच आधी मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत असल्यामुळे बोलणे चालू आहे हे कळते. स आणि श उंच पट्टीत असल्यामुळे काय बोलले ते कळत नाही. म्हणूनच जॅकची खडखड आम्हांस ऐकू आली आणि चिमट्याची किणकिण आली नाही.

श्रवणयंत्र घेऊन प्रथम गाडीत बसलो तो दिवस चांगला स्मरणात आहे. वळणाचा दिवा टिकटिक करतो हे आम्ही विसरूनच गेलो होतो. सौभाग्यवतींच्या बांगड्या वाजत होत्या. पर्समध्ये रोझरीचे मणी हलले तेही कळले. हत्तरगीचा टोलनाका ओलांडल्यावर डाव्या दारातून एक बारीक, लांबट कुरकुर येऊ लागली. आम्ही वेग कमी केला, पुन्हा वाढविला. ती होतीच.

“तुम्हांला ऐकू येतंय का?” आम्ही विचारले.

“ती होय? ती नाताळपासून आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही पुन्हा सगळी डिकी उपसाल म्हणून बोलले नाही.”