‘दादा काय करतो गं तुझा?’

रविवारी अकराच्या आधी डोळे उघडायचे नाहीत, हा आमच्या पुण्यातल्या फ्लॅटचा अलिखित कायदा. (आम्ही तिघी. तिघीही फ्रीलान्स-बिलान्सवाल्या. त्यामुळे सोमवारही साधारण तसाच जातो, ते सोडा!) आणि साडेआठला फोन. खामगावहून. ताईचा.

"तुया भाच्यानं डोक्याले ताप करून ठेवला. सत्त्याऐंशी टक्के पडले, न् म्हन्ते मले आयटीआय करायचं हाय. तू पेपरात लिहितेस, तुयं ऐकते तो. सांग त्याले!"

माझी झोप खाडकन उडाली. सत्त्याऐंशी टक्के आणि आयटीआय? म्हणजे बघा हं, पंचावन्न टक्के पडले असते तर ताईनेच फॉर्म आणून दिला असता आणि कुणी चकार शब्द काढला नसता. पण सत्त्याऐंशी! आमच्या भागात सत्त्याऐंशीचा सरळ अर्थ होतो अकोला. अकोल्यात खोली, अकोल्यात क्लास, अकोल्यात मेस आणि दोन वर्षांनी नीट नाहीतर जेईई.

"बोलते मी त्याच्याशी," म्हटलं आणि फोन ठेवला. पण काय बोलणार होते? कारण पोरगा बिघडला होता तो माझ्याच चुलतभावाच्या दुकानात. आणि या दुकानाबद्दल गेली सात-आठ वर्षं मी पुण्यात चक्क खोटं बोलत आलेय.

आधी दादाबद्दल सांगते.

दादा दहावी झाला 2007 साली. मार्क बेताचे. मग त्याने घेतलं एमसीव्हीसी. नाव ऐकलंय? किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम! 1986 च्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडे अकरावी-बारावीला तो सुरू झाला. इंग्रजी, मराठी, एक फाउंडेशन कोर्स आणि बाकी सगळं धंद्याचं. कुणी इलेक्ट्रिकल, कुणी अकाउंटिंग, कुणी फळबागा, कुणी लॅब टेक्निशियन. शिवाय काही आठवडे खऱ्याखुऱ्या कारखान्यात नाहीतर दुकानात जाऊन काम शिकायचं. कल्पना एकदम झक्कास ना? पण आमच्या घरात तो शब्द हळू आवाजात उच्चारला जायचा. कुणाचा आजार सांगावा तसा. "सायन्सले नंबर नाही लागला ना, म्हून..."

तसं आपण सगळेच थोडंफार ‘काम’ शाळेत शिकलोय. आठवतोय कार्यानुभवाचा तास? क्रेपच्या कागदाची फुलं, खडू आणि एक बिचारी अगरबत्ती. पुष्कळदा तर तो तास गणिताचे सर ढापायचे! ज्या विषयाचं आपण इतकं वाटोळं केलं, त्याच्यामागे मोठमोठी डोकी होती. 1937 साली गांधीजींनी वर्ध्यात परिषद घेऊन नई तालीम मांडली. म्हणजे आमच्या विदर्भातच! पुढे कोठारी आयोगाने (1964-66) कार्यानुभव हा शिक्षणाचा भागच असला पाहिजे, असं बजावलं. जर्मनीत तर सोळा-सतरा वर्षांची मुलं आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत पगारी काम शिकतात आणि उरलेले दिवस शाळेत जातात. त्याबद्दल तिथे कुणी तोंड वाकडं करत नाही. आपल्याकडे मात्र 2020 च्या नव्या धोरणात पुन्हा लिहावं लागलं, की सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुताराकडे, माळ्याकडे, कुंभाराकडे जाऊन शिकावं. दहा दिवस, बरं का!

असो. दादाने बारावीनंतर एक वर्ष अप्रेंटिसशिप केली, वाळूजच्या एमआयडीसीत. तेव्हाचं औरंगाबाद. अप्रेंटिस कायदा 1961 चा, पण बारावी व्होकेशनलवाल्यांसाठी त्याचं दार उघडलं ते 1986 च्या दुरुस्तीने. महिन्याला स्टायपेंड मिळायचा. थोडा, पण मिळायचा. मग खामगावला परत येऊन त्याने मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकलं.

आता फ्लॅशबॅक संपवून माझ्याकडे येऊ. मी मास कॉमला पुण्यात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात हॉस्टेलवर गप्पा रंगल्या. कुणाचा भाऊ बंगळुरूला, कुणाचा टेक्सासला. "दादा काय करतो गं तुझा?" मी म्हटलं, "इंजिनिअर आहे. इलेक्ट्रिकल." निघून गेलं तोंडातून. एकदा निघालं की मग ते सांभाळत बसावं लागतं.

पुढे एका ठिकाणी इंटर्नशिप मिळाली. सहा महिने. सकाळी नऊ ते रात्री जमेल तेव्हा. मानधन शून्य! ‘एक्स्पोजर मिळतं ना,’ असं तिथल्या सगळ्यांचं म्हणणं. एक्स्पोजरने मेसचं बिल भागत नाही. ते भागवायचा दादा. दर महिन्याच्या पाच तारखेला, न मागता. म्हणजे ज्याला स्टायपेंड देऊन काम शिकवलं, तो माझ्या बिनपगारी इंटर्नशिपचा खर्च उचलत होता. आणि मी हॉस्टेलवर त्याची डिग्री वाढवून सांगत होते.

खरं तर दुसरा रस्ता होता. पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांमध्ये ‘कमवा व शिका’ योजना आहे, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाची. रोज थोडे तास लायब्ररीत, ऑफिसात नाहीतर बागेत काम करायचं, तासांप्रमाणे पैसे. माझ्या रूममेटने फॉर्म भरला होता. मी नाही भरला. वर्गातली मुलं पुस्तक घ्यायला येणार आणि काउंटरच्या पलीकडे मी रजिस्टर घेऊन बसलेली? छे!

कर्मवीरांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातली पोरं जगवायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. ‘स्वावलंबी शिक्षण’ हे संस्थेचं ब्रीदच. हे सगळं मी परीक्षेत दहा मार्कांसाठी लिहिलंही होतं. पण फॉर्म नाही भरला.

तर, शुक्रवारी रात्री ट्रॅव्हल्स पकडली. जालना, देऊळगाव राजा, चिखली आणि पहाटे खामगाव. चहा घेऊन थेट दुकानात.

भाचा खाली पोत्यावर बसलेला. समोर जळलेली मोटर उघडून ठेवली होती. जुनी तार कापून काढायची, पण त्याआधी किती वेढे होते ते मोजून वहीत लिहायचं. एक जरी चुकला तर मेहनत पाण्यात. वही बघितली तर सुबक तक्ता. गेज, वेढे, खाचा.

"मावशी, पाह्य. 36 खाचा हायेत. तीन फेज. म्हन्जे एकेका फेजच्या वाट्याले बारा. न् तिन्ही फेज एकमेकींपासून 120 अंशावर. भूमितीत वर्तुळ शिकोलो ना, ते हेच हाय!"

"मग मोटर जळते कशानं?" मी उगाच पत्रकारी प्रश्न टाकला.

"एक फेज गेली का ते नुसती गुनगुन करते, फिरत नाही. दोन तारांवर सगळा भार. तापते न् जळते." हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायच्या दिवसांत दुकानासमोर मोटरींची रांग लागते. लाइट रात्रीची, व्होल्टेज कमी, आणि सकाळी शेतकरी जळकी मोटर घेऊन हजर. पिकाचं पाणी थांबलेलं असतं. त्याला आजच्या आज पाहिजे असते.

तीन वर्षांपूर्वी मी एका स्टोरीसाठी पाबळच्या विज्ञान आश्रमात गेले होते. डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 साली सुरू केलेला. तिथून निघालेला कार्यक्रम घेणाऱ्या शाळांत आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात. वेल्डिंग, वायरिंग, शेती, रक्तगटसुद्धा तपासतात. मी त्यावर पानभर कौतुक लिहिलं. आणि स्वतःच्या भाच्याने तेच केलं, तर त्याला समजवायला ट्रॅव्हल्सने बारा तास बसून आले होते!

मला वाटलं, दादा तरी त्याच्या बाजूने असेल. दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही डबे उघडले तेव्हा त्याला विचारलं.

"सायन्सच घेऊ दे त्याले," दादा म्हणाला.

"अरे, पण तूच तर..."

"मायं काय! पोरगी पाह्याले गेलो का पह्यलं इचारतात, नोकरी कुठी हाय? दुकान म्हटलं का चहा बी थंड होते." तो हसला. चौतीस वर्षांचा आहे. नऊ ठिकाणी नकार आलाय. महिन्याला माझ्या दुपटीहून जास्त कमावतो, हे मुलीच्या बापाला सांगून उपयोग नसतो. त्यांना पाहिजे असतं एक शब्दाचं उत्तर. मी हॉस्टेलवर दिलं होतं तसलं.

यावर मी काय बोलणार?

संध्याकाळी ताईकडे बैठक बसली. मी जेवढं माहीत होतं तेवढं मांडलं. आयटीआय म्हणजे शेवट नाही, दोन वर्षांच्या ट्रेडनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आणि सायन्स घेतलं तरी हात सुटत नाही. अकरावी-बारावी सायन्सला द्विलक्षी विषय असतात, दोनशे मार्कांचे, त्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स आहे. फिजिक्सही राहतं, गणितही राहतं. ताईने द्विलक्षी हा शब्द पहिल्यांदाच ऐकला. खरं सांगायचं तर ‘सायन्स’ एवढंच ऐकलं.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "द्विलक्षी चालते. पन अकोल्याले नाही जानार. न् शनिवार-रविवार दुकानात."

"रविवारी फक्त," ताई.

"शनिवार-रविवार."

फॉर्म भरताना पसंतीक्रमात त्याने द्विलक्षीवाली कॉलेजेस वर टाकली. नंबर लागेल की नाही, तेव्हा कळेल. मोबाइल मला परत देता देता हळूच म्हणाला, "मावशी, तू पुन्यात मामाले इंजिनिअर सांगितलं ना? मायले मालूम हाय." ताई भाकरी थापत होती. तिने वर बघितलं नाही.

निघायच्या दिवशी दुकानात गेले, तर एक शेतकरी काका मोटर न्यायला आले होते. माझ्याकडे बोट करून त्यांनी दादाला विचारलं, "हे कोन?"

"बहीन हाय मायी. पुन्यात मोठी पत्रकार हाय. मोठ्या पेपरात नोकरी हाय तिले."

गेल्या महिन्यात माझ्या खात्यात सगळे मिळून नऊ हजार जमा झाले होते. नोकरी तर कुठेच नाही. दादाला हे चांगलं ठाऊक आहे. मी काकांना नमस्कार केला आणि मोटरचं दुसरं टोक धरून त्यांच्या गाडीत ठेवायला मदत केली.