पाणसळ

"अंगठा काढ," बाबा भिंतीपलीकडून ओरडायचे.

मी नळीच्या टोकावरचा अंगठा उचलायचो. पाणी एकदा वर, एकदा खाली हलायचं आणि मग जागेवर बसायचं. तिथं मी पेन्सिलीनं रेघ मारायचो. पलीकडे बाबांनीही मारलेली असायची. मधे अख्खी भिंत. आम्ही एकमेकांना दिसत नसू, पण दोन्ही रेघा एकाच उंचीवर आहेत याची ग्वाही पाणी देई. अटी दोनच: नळीत बुडबुडा नको आणि दोन्ही टोकं मोकळी हवीत. "एक टोक दाबून धरलं की पाणीसुद्धा खोटं बोलतं," बाबा म्हणत.

बाबा सिल्वासात गवंडीकाम करायचे. उभ्या कामासाठी त्यांना एक ओळंबा पुरे. दोरी सोडली की भिंत सरळ की कललेली, ते कळलं. आडव्यासाठी मात्र त्यांच्याकडे शब्दांचा संसार होता. खाली जोतं, त्यावर एकेक थर, दाराशी उंबरा, माथ्यावर तुळई, सगळ्यांत वर आढं. आणि हे सगळं बघायला पाणसळ. पाणसळ म्हणजे खरं तर काचेतला बुडबुडा, पण बाबा आपल्या नळीलाही पाणसळच म्हणायचे. संस्कृत कोशांत उदुंबर या शब्दाचा एक अर्थ दाराचा उंबरठा असाही दिलेला आहे, हे मी त्यांना वाचून दाखवलं, तेव्हा ते बराच वेळ आमच्या दाराकडे बघत राहिले.

त्यांच्या हाताशी असायचं ते घमेलं, बालदी, दाराची बिजागरी, इतकंच काय, लोक त्यांना हाक मारायचे ते 'मेस्त्री', हे सगळे शब्द मूळचे पोर्तुगीज. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झालं, पोर्तुगीज गेले, शब्द राहिले. कामाचे शब्द असे सहजासहजी जात नाहीत, असं मला तेव्हा वाटायचं.

पुढे मी सर्वेअरचं काम शिकलो. तिपाईवर डंपी, म्हणजे पातळी बघायची दुर्बीण, लावून स्टाफवरचे, म्हणजे उभ्या मोजकाठीवरचे, आकडे वाचायला लागलो. एका रात्री जेवताना बाबांना सांगितलं, की आम्ही जी उंची लिहितो ती समुद्रापासून मोजलेली असते. मुंबई, कारवार, मद्रास अशा नऊ बंदरांत भरती-ओहोटीच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या आणि त्यांवरून १९०९ साली देशाच्या उंचीची शून्याची रेघ पक्की झाली. बाबांचा घास हातातच राहिला. "म्हणजे नळीचं एक टोक समुद्रात," ते म्हणाले, "आणि दुसरं तुझ्या हातात."

अशाच एका रेघेखाली आजीचं घर गेलं होतं. दमणगंगा नाशिक जिल्ह्यात उगम पावते आणि दमणला समुद्राला मिळते. तिच्यावर मधुबन धरण झालं. पूर्ण जलपातळी ७९.८६ मीटर. वरची घरं राहिली, खालची उठली. त्या पाण्यावर कितीतरी शेतं पिकली, हेही तितकंच खरं. पण आजीचं कुडाच्या भिंतींचं घर खालच्या बाजूला होतं.

एकदा मी बाबांना त्या धरणाच्या काठी दुधनीला घेऊन गेलो. पाऊस नुकताच उघडला होता, जलाशय भरलेला. डोंगरांच्या प्रत्येक वळणात पाणी शिरलं होतं आणि सगळीकडे एकाच उंचीवर टेकलं होतं. नकाशात आम्ही जी समोच्च रेषा मोठ्या खटपटीनं काढतो, ती पाण्यानं एका दमात आखली होती. बाबा काठाशी उकिडवे बसले. "केवढी मोठी पाणसळ," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "आईचा उंबरा तिच्याखाली."

मला काही बोलणं सुचेना, म्हणून मी समोरचे डोंगर दाखवले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला, थिजला, पुन्हा वाहिला. त्या थरांच्या पायऱ्या झाल्या. 'डेक्कन ट्रॅप'मधला ट्रॅप हा शब्दच मुळी स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आला आहे. दोन थरांमध्ये कुठं कुठं तांबड्या मातीची पट्टी असते, ती मधल्या विसाव्याची खूण. कधी कधी तप्त रस थरांच्या मधे आडवा घुसतो आणि तिथंच गोठतो. इंग्रजीत त्याला म्हणतात सिल, आणि सिल म्हणजे उंबराही. उत्तर इंग्लंडमधले खाणीतले लोक दगडाच्या आडव्या थराला सिल म्हणत. तोच शब्द भूशास्त्रानं उचलला.

"कामकऱ्यांचा शब्द पुस्तकात गेला म्हण की," बाबा म्हणाले. त्यांना फार बरं वाटलं होतं. त्याच वेळी मी वही काढून त्यांचे शब्द उतरवून घ्यायला हवे होते. मी घेतले नाहीत.

बाबा गेल्यावर वर्षभरानं घराचं काम काढलं. कामावरची मुलं लांबून आलेली, हात चलाख. यंत्र मधोमध ठेवलं की चारी भिंतींवर लेझरची लाल रेघ. काम चोख झालं, कुठं केसाचाही फरक नाही. माझ्या तोंडून पाणसळ हा शब्द गेला, तेव्हा त्यांतला एक जण थांबला आणि "ते काय असतं?" म्हणाला. मी सांगितलं. मग मला जोत्याबद्दल सांगायचं होतं. जोतं संपतं आणि भिंत सुरू होते, तिथं बाबा दगडांचा एक थर बोटभर बाहेर काढायचे, पावसाचं पाणी जोत्यावर ओघळू नये म्हणून. त्या थराला त्यांचा एक शब्द होता. तो मला आठवेना.

अजून आठवलेला नाही. दोन-तीन जुन्या मेस्त्रींना विचारलं. त्यांनी आपापले शब्द सांगितले, पण बाबांचा तो नव्हता.

शेवटच्या कामावरून आल्यावर बाबांनी नळी मागच्या पडवीत दोन खिळ्यांना अडकवली होती, झोळीसारखी, दोन्ही टोकं वर. पाणी आतच राहिलं होतं. बाबा गेले तेव्हा ते वीतभर होतं. मी ते ओतलं नाही, भरही घातली नाही. उन्हाळ्यात ते आटत गेलं. रोज सकाळी मी बघायचो. एका टोकाशी बोटभर उतरलं, की दुसऱ्या टोकाशीही तेवढंच उतरलेलं असायचं.